काकांना विचार, किंग गिल तरी कुठे खेळला होता?

या वेळचं पत्र जरा लांब होतं, थोडं कापून देतेय.

"ताई, माझे बाबा मे महिन्यात गेले. आम्ही ह्यूस्टनजवळ केटीला राहतो. बाबा १९८२ मध्ये सांगलीहून टेक्सस ए अँड एम युनिव्हर्सिटीला एमएस करायला आले आणि पुढे नोकऱ्या तीन बदलल्या, घरं दोन बदलली, पण अ‍ॅगी (तिथल्या आजी-माजी विद्यार्थ्यांना म्हणतात) ते अ‍ॅगीच राहिले. कपाटात निम्मे कपडे युनिव्हर्सिटीच्या मरून रंगाचे. अमेरिकन फुटबॉलच्या दर होम गेमला कॉलेज स्टेशनला, युनिव्हर्सिटीच्या गावी जायचे, चार सीझन तिकिटं होती, दोन त्यांची आणि दादाची, आणि उरलेल्या दोनवर दरवर्षी इंडियातून नवीन आलेली कोणीतरी पोरं धरून न्यायचे. फ्यूनरल होममध्ये त्यांच्या मित्रांनी शेवटी अंगठे वर करून 'गिग एम' ही अ‍ॅगींची आरोळी दिली तर सांगलीचे काका झूमवर भडकले, म्हणाले, बाप गेलाय का मॅच जिंकलीय?

दहाव्याला चुलतभावाने कृष्णेच्या घाटावर पिंड ठेवला, आम्ही व्हिडिओ कॉलवर, इकडे रात्रीचे साडेदहा. कावळा काही शिवेना. आईला सांभाळू म्हणून झालं, दादाचं लग्न करू म्हणून झालं, गुरुजी दर्भाचा कावळा करायच्या तयारीत, तेवढ्यात दादा फोनमध्ये ओरडला, 'बाबा, तिकिटं सोडणार नाही!' आणि कावळा आला हो. आम्ही रडता रडता हसलो. काका तेव्हापासून नीट बोलत नाहीत. म्हणाले, हा काय स्वतः खेळला होता का? दुसऱ्यांच्या खेळावर जन्म घातला.

आता सीझन तोंडावर आलाय. तिकिटं महाग आहेत. दादा म्हणतो चिमूटभर अस्थी ठेवल्यात त्या काइल फील्डवर, अ‍ॅगींच्या स्टेडियमवर टाकून येऊ. माझा नवरा ऑस्टिनचा, लाँगहॉर्न, म्हणजे कट्टर विरोधी टेक्सस युनिव्हर्सिटीचा, त्याला न्यायचं की नाही? आई गप्प आहे. बाबांच्या नावाने काहीतरी नीट करायचंय, चेष्टा नको व्हायला. काय करू?"

बघ, तिकिटं, अस्थी वगैरे नंतर. आधी काकांचा प्रश्न घेते, कारण तुला तो लागलाय आणि लागण्यासारखाच आहे. हा काय स्वतः खेळला होता का. नाही खेळला. पण ए अँड एममध्ये ज्या माणसाचा पुतळा काइल फील्डबाहेर उभा आहे तो तरी त्या दिवशी कुठे खेळला होता? २ जानेवारी १९२२, डॅलस, सेंटर कॉलेजबरोबर मॅच, आपले एकेक गडी जखमी होऊन बाहेर, बेंच रिकामा होत आलेला. ई. किंग गिल नावाचा पोरगा, आधी फुटबॉलच्या राखीव खेळाडूंत होता, मग बास्केटबॉलकडे गेलेला, तो वर प्रेस बॉक्समध्ये पत्रकारांना खेळाडू ओळखून द्यायला बसला होता. कोच डी. एक्स. बायबलने त्याला खाली बोलावलं, त्याने जखमी गड्याचा ड्रेस चढवला आणि साइडलाइनला उभा राहिला, शेवटपर्यंत. मॅच २२-१४ अशी जिंकली आणि गिल एक मिनिटही मैदानात उतरला नाही. शंभर वर्षं झाली, आजही स्टुडंट सेक्शन अख्खी मॅच उभा असतो तो या एका न खेळलेल्या पोरामुळे. ट्वेल्थ मॅन म्हणतात ते हेच.

आणि तुझे बाबा तिथे होते त्याच काळात, १९८३ ला, कोच जॅकी शेरिलने साध्या विद्यार्थ्यांमधून, म्हंजे स्कॉलरशिप वगैरे काही नाही अशा पोरांमधून, किकऑफची टीम उभी केली होती. सांगलीतून आलेल्या, इंग्रजी बोलताना अडखळणाऱ्या, फुटबॉल म्हंजे पायाने खेळायचा एवढंच माहीत असलेल्या मुलाला त्या स्टेडियममध्ये नेऊन कोणी सांगितलं असेल की इथे नुसता उभा राहिलास तरी तू टीममध्ये आहेस, तर तो आयुष्यभर तिथला होणार नाही तर काय होणार? मला तरी यात जन्म घातला असं काही दिसत नाही, उलट परक्या देशात आपली जागा सापडली असंच दिसतं.

पण हे सगळं काकांना फोन करून सुनावू नकोस हं. काकांचा राग फुटबॉलवर नाहीये असं मला वाटतं. त्यांचा भाऊ विशी-बाविशीत गेला तो दोन-तीन वर्षांतून एकदा सुट्टीत भेटणारा पाहुणाच झाला ना, आणि आता तो गेल्यावर त्याला निरोप द्यायला लोक असा काहीतरी इशारा करतात जो काकांना कळत पण नाही. त्यांना वाटत असणार की माझा भाऊ यांनी घेतला. त्यांना पुतळ्याचा फोटो पाठव, गिलची गोष्ट चार ओळींत लिही, आणि बाबांचा स्टेडियममधला एखादा व्हिडिओ असेल, ओरडतायत, घसा बसलाय, शेजारच्याला मिठी मारतायत असा, तो पाठव. खाली काही लिहू नकोस. आणि अंगठ्याचं म्हणशील तर तिथे तो नमस्कारासारखा वापरतात, भेटताना, निघताना, हेही कधीतरी सांग. मित्रांनी काही चुकीचं केलं नाही.

आता तिकिटं. दादाने कावळ्याला शब्द दिलाय म्हटल्यावर तो पाळायचा, यात मी पडत नाही 😄 पण शब्द काय दिला ते नीट बघ, 'तिकिटं सोडणार नाही' म्हणाला, चारही सोडणार नाही असं कुठे म्हणाला? दोन ठेवा. एक सीझन बघा. पुढच्या वर्षी तुम्हाला दोघांना खरंच जावंसं वाटलं तर ठेवा, नाहीतर बाबा काही कावळा पाठवून वसुली करणार नाहीत.

एक काम मात्र आज कर, अगदी आज. बाबांचा फोन नंबर बंद करू नका आणि ईमेल पण बंद करू नका. हल्ली तिकिटं सगळी मोबाइलवर असतात, अकाउंट त्यांच्या ईमेलवर, आणि लॉगिन करायला कोड येतो तो त्यांच्या फोनवर. लोक दुःखात पहिलं काम काय करतात तर फॅमिली प्लॅनमधून नंबर काढून टाकतात, आणि मग फोटो, बँक, तिकिटं सगळ्याची दारं बंद. वर्षभर तो नंबर चालू राहू दे, स्वस्तातल्या प्लॅनवर टाका. मग ट्वेल्थ मॅन फाउंडेशनला कळवा, सीझन तिकिटं आणि त्यामागचं डोनेशन ते बघतात. अकाउंट आईच्या नावावर होईल का, सीट त्याच राहतील का, सीनिऑरिटी मिळेल का, हे लेखी विचारा. डेथ सर्टिफिकेटच्या कॉपीज जास्तीच्या काढून ठेवल्या असतीलच.

आणि आता ते, ज्यासाठी मला तुझं पत्र घ्यावंसं वाटलं. तू एका ओळीत लिहून पुढे गेलीस की उरलेल्या दोन तिकिटांवर बाबा नवीन आलेल्या पोरांना न्यायचे. अगं, तू विचारतेस बाबांच्या नावाने काय करू, तर ते हे आहे. ऑगस्टमध्ये आलेला मुलगा, सोशल सिक्युरिटी नंबर नाही, गाडी नाही, रूममेट नुकताच भेटलेला, घरी फोनवर सगळं छान आहे म्हणून खोटं बोलतोय, त्याला एक गृहस्थ मरून टी-शर्ट देतात, पार्किंग लॉटमध्ये टेलगेटला, म्हंजे गेमआधी गाड्यांमागे चालतं त्या खाण्यापिण्याला, उभं करून हातात तुझ्या आईने केलेला बटाटावडा ठेवतात (केटीहून दीड तास येऊन गार झालेला असणार, तरीही) आणि सांगतात, हे बघ, चार डाव मिळतात, चार डावांत दहा यार्ड पुढे जायचं, गेलास की परत चार, एवढं कळलं की बाकीचं ओरडता ओरडता कळतं. मग आत एक लाखाच्या वर माणूस. 'वॉर हिम' या अ‍ॅगींच्या गाण्याला सगळे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून डुलायला लागले की ते स्टेडियम खरोखर हलतं, पहिल्यांदा गेलेला माणूस घाबरून खाली बघतो. त्या मुलाला अमेरिकेत आल्यापासून कोणी पहिल्यांदा खांद्यावर हात टाकलेला असतो आणि तो कोणी तरी अनोळखी टेक्सन असतो.

असे किती झाले असतील ४० वर्षांत? ती पोरं आता पन्नाशीची असतील, कुणी डॅलसला, कुणी पुण्याला परत. त्यांना शोध. बाबांचा फोन चालू ठेव म्हटलं ते यासाठी पण, कॉन्टॅक्टमध्ये असतील, व्हॉट्सअ‍ॅपवर दर विजयाला फॉरवर्ड जात असतील. सगळ्यांना एकच मेसेज टाक: बाबा गेले, तुमची त्यांच्याबरोबरची पहिली गेम आठवते का, रेकॉर्ड करून पाठवा. मराठीत, तेलुगूत, कशातही. आई गप्प आहे म्हणतेस ना, तिला ते ऐकव. वड्यांचा उल्लेख त्यात येणार म्हंजे येणारच.

आणि मग यंदा एका होम गेमला, सगळ्या नाही, एकाच, दादा आणि एक नवीन मुलगा किंवा मुलगी. पाच-सात गेम करायचा नाद करू नका, पहिल्या वर्षी झेपत नाही. मोठी, रायव्हलरीची गेम पण नको, ती कुणालाही आवडते. सप्टेंबरमधली, कुठल्यातरी छोट्या टीमबरोबरची, उन्हात भाजणारी दुपारची गेम घ्या, बाबा त्या पण चुकवत नसणार. पितृपंधरवडा मध्ये आला तर गुरुजींना तिथी विचारून घ्या, श्राद्ध आणि गेम एकाच दिवशी आलं तर सकाळी श्राद्ध, गेम टीव्हीवर, वाद नको.

मस्टरचं तू काही लिहिलं नाहीस, पण दादाला माहीत असेल. दरवर्षी २१ एप्रिलला, सॅन जसिंटोच्या १८३६ च्या लढाईचा दिवस तो, जगभर जिथे जिथे अ‍ॅगी आहेत तिथे जमतात, तीनशेच्या वर ठिकाणी. वर्षभरात गेलेल्यांची नावं एकेक करून पुकारतात आणि त्या माणसाच्या वतीने घरच्यांनी, मित्रांनी 'हिअर' म्हणायचं, मेणबत्ती लावायची. बस, एवढंच. दुसऱ्या महायुद्धात १९४२ ला फिलिपिन्समधल्या कोरेगिडॉर बेटावर जपानी तोफा चालू असताना तिथे अडकलेल्या अ‍ॅगींच्या मस्टरची बातमी अमेरिकेत पोचली आणि तेव्हापासून ही प्रथा सगळीकडे पसरली. कॅम्पसवर रीड अरीनात होतो तो सगळ्यात मोठा, बंदुकांची सलामी, बिगुल, सगळं. बरेच जण याची सिल्व्हर टॅप्सशी गल्लत करतात, ते शिकत असताना गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी असतं. बाबांसाठी मस्टर.

खेळाडू असावं लागत नाही, डोनर असावं लागत नाही, जनरल असो की सांगलीचा सिव्हिल इंजिनिअर, नाव एकाच सुरात पुकारतात. नाव आपोआप जाईल असं धरून बसू नका, असोसिएशन ऑफ फॉर्मर स्टुडंट्सला कळवावं लागतं आणि कॅम्पसच्या यादीला मुदत असते, ती तारीख आत्ताच विचारून ठेव. फॉर्ममध्ये नावाचं स्पेलिंग आणि क्लास इयर नीट लिही, आणि उच्चार कसा करायचा ते वेगळं लिहून दे, आपल्या आडनावांचं माइकवर काय होतं ते तुला मी सांगायला नको. कॅम्पसवर गेलेल्यांच्या वस्तूंचं छोटं प्रदर्शन पण मांडतात, तिथे काय ठेवायचं ते आईला ठरवू दे. कार्यक्रम संध्याकाळी असतो, सांगलीत तेव्हा पहाट असते, ऑनलाइन दिसतो, काकांना लिंक दे आणि आग्रह करू नकोस. बघितला तर बघितला.

अस्थींचं सरळ सांगते, चोरून टाकायच्या नाहीत. दादासारखा विचार करणारे अमेरिकेत पुष्कळ असतात आणि स्टेडियमवाल्यांची त्याने डोकेदुखी होते. काइल फील्डवर खरं गवत आहे, अस्थींच्या राखेत क्षार फार, जिथे पडते तिथलं गवत जळतं. म्हंजे बाबांच्या नावाने मैदानात एक पिवळा डाग, चालेल का त्यांना? चिमूट राहिलीये ती दादा पुढच्या वेळी सांगलीला जाईल तेव्हा कृष्णेत सोडू दे. विमानात नेताना डबी लाकडाची किंवा प्लास्टिकची घ्या, धातूची असली तर एक्सरेत आरपार दिसत नाही आणि सिक्युरिटीवाले अडवतात, ते उघडून बघत नाहीत. क्रिमेशन सर्टिफिकेट आणि डेथ सर्टिफिकेट हातातल्या बॅगेत, आणि निघण्याआधी ह्यूस्टनच्या भारतीय कॉन्सुलेटला आणि एअरलाइनला काय कागद लागतात ते विचारा.

दादा कुरकुर करेल की मेलेल्या रेव्हेलींना, टीमच्या मॅस्कॉट कुत्र्यांना, स्टेडियमच्या उत्तरेला पुरतात, कुत्र्याला मान आणि बाबांना नाही? खरंय, पुरतात, आणि स्टँड वाढल्यावर त्यांना आतलं दिसेना म्हणून बाहेर त्यांच्यासाठी छोटा स्कोअरबोर्ड पण लावला. तिथे गेमच्या आधी जाऊन उभं राहा, तेवढं पुरे.

नवऱ्याला ने. नक्की ने. बर्न्ट ऑरेंज, म्हंजे टेक्ससचा रंग, घालून आला तरी चालेल, माझ्या मते घालूनच यावा, सासरे-जावई त्यावरून भांडत असणार ना? १९९९ ला बॉनफायर, म्हंजे टेक्ससच्या मॅचआधी पेटवायला ए अँड एमच्या विद्यार्थ्यांनी रचलेली लाकडांची रास, कोसळून १२ जण गेले, १८ नोव्हेंबरची पहाट, आणि आठवड्याने ए अँड एम आणि टेक्ससची मॅच होती. ऑस्टिनच्या बँडने हाफटाइमला टोप्या काढून श्रद्धांजली वाहिली. अ‍ॅगी लोक हे अजून सांगतात. कट्टर विरोधकाला कधी गप्प बसायचं ते कळतं. जावयाने फक्त एक पाळावं, २०२४ ला टेक्ससने १७-७ ने जिंकलेली मॅच काढू नये. निदान यंदा.

टी-शर्ट एकदम गुडविलला देऊ नका, एकदम फाडू पण नका. आईला विचारून पाच-सहा बाजूला काढा, एक न धुतलेला तसाच पिशवीत बंद करून ठेवा, उरलेल्यांची गोधडी करा. टी-शर्टचं कापड ताणतं, नुसतं शिवलं तर चौकोन वेडेवाकडे होतात, म्हणून आधी मागून इस्त्रीने चिकटणारं अस्तर लावून मग चौकोन कापायचे. इकडे असे क्विल्ट करून देणारे पुष्कळ आहेत पण पैसे सणसणीत घेतात, तुमच्या मंडळात कोणीतरी शिवणारी निघेलच. लोगोवर थेट गरम इस्त्री फिरवू नका, प्रिंट वितळतं. जुनी तिकिटं असतील तर लॅमिनेट मुळीच करू नका. त्यातली बरीच थर्मल कागदाची असतात, उष्णतेने पूर्ण काळी पडतात. आधी स्कॅन करा, मग कागदी पाकिटात, उन्हापासून लांब. २०१८ ची एलएसयूबरोबरच्या (लुइझियाना स्टेट) मॅचची सापडली तर ती मात्र मला दाखव, सात ओव्हरटाइम, ७४-७२, जवळपास पाच तास, बाबा गुडघे धरून उभे असतील आणि दादा 'बसा हो' म्हणत असेल.

राहता राहिली आई. तू लिहिलंस आई गप्प आहे, आणि मग पुढचं सगळं तू आणि दादा ठरवताय. तिला फुटबॉल आवडतो की नाही तेही पत्रात कुठे नाही. ४० वर्षं शनिवार गेले त्या घरातून, तिला कदाचित त्या शनिवारांचा राग असेल, कदाचित आता तोच दिवस खायला उठत असेल, दोन्ही असेल. तिला गेमला चल म्हणू नका आधी. विचारा की आई, या शनिवारी काय करूया? ती देवळात जाऊ म्हणाली तर देवळात जा, दादाची गेम दुसऱ्या शनिवारी होईल. ती म्हणाली मी वडे करून देते, तुम्ही जा, तर जास्तीचे करायला सांग आणि दोन-तीन डबे न्या, कारण ए अँड एमच्या पार्किंगमध्ये मराठी पोरं वासावर येतात. स्टेडियममध्ये डबे जाणार नाहीत, पिशवी पण आरपार दिसणारी लागते, तेव्हा काय खायचं ते बाहेरच संपवा.

आणि मस्टरच्या यादीची मुदत विचारायला सप्टेंबर उजाडू देऊ नकोस.